जीटी मारलेली शीट

पहिल्या वर्षाच्या पोरांना ब्रँचची ओळख करून द्यायला आम्ही प्राध्यापक स्टेजवर बसलो होतो. प्रत्येक विभागप्रमुखानं आपली ब्रँच मलकापूरच्या बाजारात वांगी विकावीत तशी विकली. मी ड्रॉइंग शिकवतो. मला तिथेच शिसारी आली होती.

मग मोताळ्याच्या एका मुलीनं विचारलं, "सर, मले ड्रॉइंग जमन का?"

उत्तर दिलं आमच्या टॉपरनं, हातातली जुनी शीट फडकावत. "टेन्शन काऊन घेतं? काचीवर माही शीट ठेव, खालून बल्ब लाव अन् गिरव. जीटी मारली का झालं."

हॉल हसला. प्राचार्यही हसले. सगळ्यांसमोर त्याची लायकी काढावी म्हणून मी ती शीट हिसकावून घेतली.

शीटवर काढलेल्या यंत्राच्या भागातलं आतलं भोक बाहेरून दिसत नाही, म्हणून त्याची रेघ तुटक हवी. इथे ती सलग होती. ती चूक माझीच होती. याच कॉलेजातून बाहेर पडताना मी माझी शीट ज्युनिअरला दिली होती, आणि तेव्हापासून पोरं ती इमानदारीत गिरवत आली होती.

खाली 'तपासले' लिहून लाल पेनानं सही होती. तीही माझीच.