सुपारी फुटायच्या आधी

आर्णीला मोठ्या भावाच्या घरी पुतणीच्या सोयरिकीची बैठक होती. सतरंजीवर एका अंगाला आम्ही, दुसऱ्या अंगाला मुलाकडचे, मधे ताटात सुपारी. आमच्याकडे सुपारी फुटली की सोयरीक पक्की. त्यानंतर अट काढणारा माणूस भांडखोर ठरतो.

सकाळीच पुतणीनं मला नळापाशी गाठलं होतं. "काका, मले नागपूरले शिकाले जाचं आहे. लग्न झाल्यावरही. बाबा बोलाले भेतात. तुम्हीच बोला, पण सुपारीच्या पहिले."

"तू बिनघोर राह्य," मी म्हणालो. घरात बारसं असो की तेरवी, बोलायला मलाच उभं करतात. पंगत ताटकळेस्तोवर मी बोलतो, अशी बायकोची तक्रार आहे.

पण हल्ली फोनमध्ये लिहून घेतल्याशिवाय मला बोलताच येत नाही. पूर्वी समोरच्याचा चेहरा पाहून पुढचं वाक्य सुचायचं. आता फोन सुचवतो. 'तिला शिकायचं' म्हणून 'शि' टाइप केलं, तर त्यानं 'शिक्षणाचे महत्त्व' पुढं केलं. भारदस्त वाटलं, घेतलं. असं घेत घेत बराच मजकूर जमला.

बैठकीत मी उभं राहून तो वाचला. 'आजच्या युगात शिक्षणाचे महत्त्व अनन्यसाधारण असून, उभय कुटुंबांनी मुलीच्या प्रगतीस हातभार लावावा, ही नम्र अपेक्षा.'

"वा! भाऊ लय गोड बोलले," मुलाचे वडील म्हणाले. टाळ्या पडल्या. मी मानही लववली. कुणीतरी अडकित्ता पुढं सरकवला.

आतल्या दारात पुतणी उभी होती. ती टाळ्या वाजवत नव्हती.

मी घाईनं फोन उघडून मजकुरात ती अट शोधू लागलो. नागपूर कुठंच नव्हतं. घामेजल्या अंगठ्यानं पडदा भलतीकडेच सरकायचा. तिकडे सुपारी अडकित्त्यात बसलीसुद्धा.

"थांबा!" माझा आवाज चिरकला. "पोरगी नागपूरले शिकाले जाईन. लग्न झाल्यावरही. चालत नसन तर फोडू नका."

भावानं माझा शर्ट मागून ओढला. मुलाच्या वडिलांचा हात अडकित्त्यावर तसाच राहिला. "मंग हे पहिले काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं ना. आत्ता, भाषणात."

"त्याच्यात हे होतं?"

मी फोन खिशात सरकवला. तेवढ्यात नवरा मुलगा खाली मान घालून पुटपुटला, "बाबा, मले माहीत आहे. तिनं सांगतलं. म्या तुमाले मेसेज केलता."

"एका घरात राह्यतो ना बे आपण? मेसेज कायले?"

"तोंडानं जमत नव्हतं."

वडिलांनी अडकित्ता मांडीवर ठेवला, चष्मा चढवला, मेसेज शोधला आणि मनातल्या मनात वाचू लागले. लांबलचक असावा. चहावर साय धरली. शेवटी त्यांनी फोन पालथा घातला.

"पोरी, इकडं ये," ते दाराकडं पाहून म्हणाले. "तूच सांग."

पुतणी समोर येऊन उभी राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, पण आवाज सरळ होता. "दोन वर्षं लागतीन. सणाले येईन. पण शिक्षण सोडणार नाई."

ते बायकोकडं वळले. तिनं पुतणीला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "येईन म्हणते ना सणाले? फोडा मंग. पाहुण्यांचा जीव टांगून ठेवला."

सुपारी कडकन फुटली. त्यानंतर दिवसभर मला कुणी दोन शब्द बोला म्हणालं नाही.