रेडिओकाकांचा क्रम

रेडिओकाकांना शांतता सहन होत नसे. बोलण्यात खंड पडला की त्यांच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर मोजू लागत. एक, दोन, तीन. चौथ्याला ते काहीतरी बोलायचेच, अगदी "आज चिकूला भाव काय?" एवढं का होईना. "चार सेकंद आवाज आला नाही की ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी वाईट झालं," असं ते सांगत. आयुष्यभर रेडिओवर गाणी लावून ते बोर्डीला परतले होते. मी शाळेतली ग्रंथपाल, मूळची अबोल. माझ्याजवळ बसले की त्यांची बोटं फार दमायची.

निवृत्तीनंतर त्यांनी एक संग्रह करायला घेतला. डहाणू-तलासरीतले अकरा आवाज, आणि प्रत्येकाआधी त्यांचं छोटंसं निवेदन. वाणगावच्या बाजारातल्या भाजीवालीची आरोळी त्यांनी सगळ्यात आधी घेतली. मग संगीताच्या सरांनी शाळेच्या मोडक्या पेटीवर वाजवलेला भूप, मासळी निवडणाऱ्या बायकांची लग्नगीतं, सीमेपलीकडून आलेल्या एका सुनेचा गरबा. मी सवयीने यादी विषयवार लावली. त्यांनी ती घडी घालून खिशात टाकली.

"आरोळी आणि भूप शेजारी आले तर लोक हसतील, काका."

"हसू देत. हसणारा माणूस रेडिओ बंद करत नाही. तू नावं नीट लिही. क्रम मी लावणार."

पाचव्या निवेदनात त्यांचा आवाज किंचित खरखरला. समुद्राचा वारा, असं आम्ही म्हणालो. दहाव्यापर्यंत तो वारा नाही हे दोघांनाही कळलं होतं. काकूंचे गुडघे दुखत, म्हणून तपासणीला मी बरोबर गेले. डॉक्टर म्हणाले, "गाठ आहे. या आठवड्यात ऑपरेशन करून घ्या. आवाज जाईल, माणूस राहील." बाहेर येऊन काका पायरीवर बसले. बोटं चार कधीच ओलांडून गेली होती. मग म्हणाले, "अजून तारपा राहिलाय."

भोपळ्याचं ते लांब वाद्य वाजवणारा म्हातारा वेवजीला राहायचा. त्याने आधीच सांगितलं होतं, "नवा भात घरात येल, देवाला दाखवू, मंग वाजवू. आता वाजवला त देव रागावल, साहेब." भात अजून हिरवा होता. काकांनी त्याला एका शब्दानेही गळ घातली नाही. त्यांनी ऑपरेशन पुढे ढकललं.

"काकूला सांग, डॉक्टर म्हणाले दिवाळीनंतर चालेल."

"मी खोटं बोलणार नाही."

"मग गप्प राहा. ते तुला चांगलं जमतं."

काकूंनी मला सरळच विचारलं, "अगं, खरंच दिवाळीनंतर चालेल म्हणाले?" मी चहाचा कप उचलला. एक, दोन, तीन. चौथ्याला काका म्हणाले, "म्हणाले ना! किती वेळा सांगू?"

पुढचे आठवडे मी भीतीत काढले. रोज सकाळी सातला ते फोन करून "आहे अजून" एवढंच म्हणत. मी पावणेसातपासून फोनजवळ उभी असे. ते दोन शब्द दर दिवशी बारीक होत गेले. बसमधून जाताना मी शेतांकडे पाही. लोंबी वाकली की नाही, एवढंच मला दिसे. पिवळं पडायला इतका वेळ लावणाऱ्या त्या भाताचा मला राग येई.

भात एकदाचा घरात आला. वेवजीच्या अंगणात काकांनी माईक अगदी ओठांना लावला. म्हातारा म्हणाला, "साहेब, काय बोलता? ऐकू येत नाय."

"मशीनला येतंय," काका पुटपुटले. आणि तारपा वाजू लागला.

ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. नंतर ते पाटीवर लिहून बोलत. संग्रहाचा पेन ड्राइव्ह माझ्या हातात देताना त्यांनी लिहिलं, "क्रम बदलू नकोस." होळीच्या आधी ते गेले.

तेराव्यानंतर मी काकूंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला तेव्हाच कळलं होतं. तू कप उचललास ना."

पेन ड्राइव्ह कित्येक महिने ग्रंथालयाच्या कपाटात पडून होता. तारपा शेवटी असणार, आणि त्याच्या आधीची ती कुजबुज ऐकली की सगळं संपणार, या भीतीने मी त्याला हात लावला नाही. शेवटी काकूंनीच निरोप धाडला, "घेऊन ये."

त्यांच्या ओटीवर मी तो लावला. पहिलाच तारपा आला. त्याआधीची कुजबुज ऐकून काकूंनी माझं मनगट धरलं. दुसऱ्या निवेदनात खरखर होती, पण शब्द कळत होते. तिसऱ्यात ती थोडी कमी. मग माझ्या ध्यानात आलं. त्यांनी सगळं उलटं लावलं होतं. गाण्यागणिक काका बरे होत होते. भूपाआधी ते खोकलेसुद्धा नाहीत. अगदी शेवटी, वाणगावच्या आरोळीआधी, तो जुना भरदार आवाज आला, "नमस्कार मंडळी. ऐकताय ना?"

भाजीवाली ओरडली, आणि संग्रह संपला. ओटीवर काही ऐकू येईना. काकूंनी मनगट सोडलं नव्हतं. माझी मोकळी बोटं मांडीवर मोजू लागली. एक, दोन, तीन.

चौथ्याला मी म्हणाले, "काकू, आज चिकूला भाव काय?"