ट्रे हातात असताना दिलेलं उत्तर

"तात्या, तुमचं काम पाणी द्यायचं. विहिरीत ते कुठून येतं, हे सांगायचं नाही."

अख्खा वर्ग हसला. पाण्याच्या ग्लासांचा ट्रे माझ्या हातातच होता.

पनवेलच्या त्या कॉलेजात मी ठेक्यावरचा शिपाई. साठी कधीच उलटलेली, शाळा चौथीपर्यंत. त्या दिवशी सरांनी पडद्यावर भूजलाचा धडा लावला होता. एक बाई शिकवत होती. मध्येच धडा थांबवून सरांनी विचारलं, "खाडीकाठची विहीर अचानक खारट का होते?" पोरं वह्या चाळायला लागली. माझ्या तोंडून निघून गेलं, "गोडं पानी हलकं, ते वर तरंगतं. खारं खाली. लय उपसलं का खारं वर येतं."

बरोबर होतं. म्हणूनच सरांना झोंबलं.

"कुठे शिकलात हे?"

"मोबाईलवर. फुकटचा कोर्स हाय, मराठीतला."

"फुकटचा! मग अक्कलही तसलीच." आणि मग ते पाण्याचं वाक्य.

पडद्यावरच्या बाईला मी ओळखत होतो. तीच निळी साडी, तोच धडा. माझी बायको बोंबील साफ करताना मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून हिलाच ऐकायची. गावात बोअर पडल्या आणि आमची विहीर खारी झाली. देवाचा कोप म्हणून गावाने विहिरीत नारळ सोडला. मीही सोडला. धडा ऐकला त्या दिवशी बायको हसत सुटली. "आवं, आयका! आपल्या विहिरीचंच सांगते ही बाय. आपून उगाच नारळ बुडवला."

कोर्स तिच्या नावावर घेतलेला, पण तिला अक्षर येत नव्हतं. प्रश्न मी वाचायचो, उत्तर ती सांगायची, बटण मी दाबायचो. सहा आठवडे झाले. सातव्यात ती गेली. मोबाईलवर अजून निरोप येतो, तुमचा सातवा आठवडा बाकी आहे. मी तो पुसत नाही.

म्हणजे सर आमचीच फुकटची बाई लावून हजेरी घेत होते. पोरांचे बाप फी भरत होते ती ह्याची. आणि फुकटा कोण, तर मी.

मी ट्रे सरांच्या हजेरीपुस्तकावर ठेवला.

"सर, ही बाय माझी पन मास्तरीण हाय. राह्यलेला धडा मी बसून आयकनार."

पहिल्या बाकावर बसलो. बाकावरची पोरगी सरकली.

"उठा, नाहीतर उद्यापासून येऊ नका," सर म्हणाले.

उठलो नाही. धडा संपला, तेव्हा उठलो.

नोकरी गेली. गेली तर गेली. बायकोच्या नावावर मला पेपर देता येत नाही, म्हणून पहिल्या आठवड्यापासून कोर्स पुन्हा करतोय, माझ्या नावाने. अर्जात शिक्षण विचारलं होतं. चौथी लिहिलं. लपवायचं काय त्यात?

कोर्सच्या परीक्षेचं केंद्र त्याच कॉलेजात आलंय, देखरेखीला तेच सर. नापास झालो तर पुन्हा बसेन. तहान लागली तर हात वर करून पाणी मागेन. आणि पेपर सरांनी माझ्या बाकापर्यंत चालत येऊन द्यायचा.