‘मी बोलतोय’वाल्यांच्या मावशी

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या आमच्या कंपनीत फोन घेणाऱ्या मावशींना बावीस वर्षं झाली. आमच्या गिऱ्हाइकांना नाव सांगायची सवयच नाही. फोन लागला की सुरू, “मी बोलतोय. ती बंद पडली.” कोण मी, कुठली ती, असं विचारलं की माणूस रुसतो. मावशी मात्र म्हणायच्या, “बोला वकीलसाहेब, सर्दी झालीय वाटतं!” आणि कारागीर पाना घेऊन निघालासुद्धा असायचा.

मग साहेबांना सुधारणेची हुक्की आली. नवं यंत्र बसलं. फोन करणाऱ्याने निरोप बोलायचा, त्याची फाईल ईमेलने सगळ्यांना पोचणार. “पंधरा दिवस बघू. जमलं तर मावशींना स्टोअरमध्ये नटबोल्ट निवडायला बसवू,” साहेब केबिनमध्ये कुजबुजले. मावशींनी ते बाहेर बसून ऐकलं. कानच तसे.

यंत्र मी बसवलं, तेव्हा घोळही माझाच. आवाजाची फाईल कुठल्या प्रकारात हवी, जशीच्या तशी मोठी वेव्ह, दाबलेली एमपीथ्री की त्याहून बारकी जीएसएम, असं त्याने विचारलं. साहेबांची मेलपेटी भरू नये म्हणून मी सगळ्यात बारकी, जीएसएम, निवडली. फाईल बारीक झाली, तिच्याबरोबर आवाजही. वकील, दूधवाला, शाळेच्या बाई, सगळे डब्यात तोंड घालून बोलल्यासारखे.

तिसऱ्याच दिवशी निरोप आला. “मी बोलतोय. ती बंद पडली. आजी आत आहेत. चिडल्यात.” फोन करणाऱ्याचा नंबर दिसायची सोय जोडायची माझ्याकडून अजून राहिलीच होती. साहेबांनी चारदा ऐकलं. कारागीर दारात पाना धरून ताटकळत उभा.

“मावशी, ओळखा बुवा,” साहेब म्हणाले.

मावशींनी ऐकलं आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पडला. “हा माणूस नाही, डास आहे.” मग माझ्याकडे वळल्या. “आवाज दळून आणलास का रे? न दळलेला शिल्लक आहे?”

होता. मूळ निरोप यंत्र वेव्हमध्ये ठेवून घेतं. मेलने जाते ती बारकी नक्कल. मी मूळ फाईल लावली. मावशींनी डोळे मिटले.

“‘पडली’च्या आधी आवंढा गिळतोय... आणि मागे शिवणयंत्र. शिंप्याच्या इमारतीचा रखवालदार! पळा!”

वीस मिनिटांत आजी बाहेर. कारागिरालाच म्हणाल्या, “एवढी घाई कसली? बाही पुरी होत आली होती.” आत बसून स्वेटर विणत होत्या.

साहेबांनी कबूल काहीच केलं नाही. “मोठी फाईलच येऊ दे रे. पेटी भरली तर भरू दे,” एवढंच. आता प्रत्येक निरोप आधी मावशींकडे जातो. त्या ऐकतात आणि मेलच्या विषयाच्या ओळीत नाव घालून पुढे पाठवतात: ‘वकीलसाहेब, सर्दी बरी.’ स्टोअरमधले नटबोल्ट अजून तसेच पडलेत.

काल बाहेरून साहेबांचा निरोप आला, “मी बोलतोय. आज उशीर होईल.” मावशींनी तो सगळ्यांना पाठवला. विषय: ‘कोण ते कळलं नाही. नटबोल्टवाले असावेत.’