एक्स-रेतला हात
काल मुलाच्या मनगटाचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला, फिल्मचा तो औषधी वास आला आणि मला गुलबर्गा आठवलं. आमच्या खजुरी गावात तेव्हा नुकतंच केबल आलं होतं आणि मी गुलबर्ग्याला सतरा वर्षांखालच्या फुटबॉल निवडीत शेवटच्या फेरीला पोचलो होतो. परदेशात पोरं लहानपणीच हेरतात, हाडांवरून वय ताडतात, मगच घडवतात, असं प्रशिक्षक सांगायचे. म्हणून त्यांनी आमच्याही डाव्या मनगटांचे एक्स-रे काढून घेतले. दोघा पोरांची हाडं जन्मदाखल्यातल्या वयापेक्षा मोठी निघाली. माझी मात्र तीन वर्षांनी लहान. काळ्या फिल्मवरची पांढरी बोटं न्याहाळत प्रशिक्षक म्हणाले, "हा हात ह्या दाखल्यावरच्या पोराचा न्हाई." दाखला खोटा धरून त्यांनी मला घरी पाठवलं. बाहेर लिंबाखाली माझे वडील, अप्पा, बसले होते. "कामून असं झालं?" मी विचारलं. ते उन्हाकडं बघत म्हणाले, "तुझ्या आधी एक होता. तापानं गेला. तू झालास तवा त्येचंच नाव ठिवलं, शाळंत दाखलाबी त्येचाच दिला." मी विचारलं, "म्हंजे तो मेला?" अप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "जातोय कुठं? हितंच हाय की." दाखल्यावरच्या तारखेला आई मला अजून ओवाळते. निरांजन माझ्यापुढं फिरत असतं, पण तिची नजर माझ्या डोक्यावरून, चार बोटं उंच कुणाच्या तरी तोंडावर असते.