मास्तरांचा कान

"लागला ना रे भाऊ?"

गाणं संपलं की मास्तर क्लॅरिनेट ओठांवरून काढायचे आणि माझ्याकडे वळून एवढंच विचारायचे. सूर लागला का, असा प्रश्न. मी बँडमध्ये त्यांच्या शेजारी साइड ड्रम वाजवायचो. "एकदम बरोबर," मी म्हणायचो.

आमच्या लोधीपुऱ्यात ज्यांच्याकडे लग्न झालं, त्यांनी मास्तरांना ऐकलेलंच आहे. एरवी पावरलूमवर, लग्नसराईत बँडमध्ये. मागांच्या खटखटीत तीस वर्षं काढली, त्यात कान गेले. "मास्तर, चाय आली," म्हटलं की ते मागे वळून विचारायचे, "ताई आली? कुठं?" आम्ही हसायचो. तेही हसायचे.

एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "बँडच्या मालकाला नको सांगू. ढोल छातीत लागतो, ताल भेटून जातो. पण थांबायचं कधी, ते समजत नाही. तू पायानं माझा पाय दाबत जा."

दोन सीझन आम्ही असेच काढले. सूर मात्र घसरत चालला होता. मी तरी "एकदम बरोबर"च म्हणत राहिलो.

मग फोपनार गावचं लग्न आलं. वरात मांडवात पोचली, भटजींनी मंगलाष्टकं धरली, बँड थांबला. मास्तर थांबले नाहीत. डोळे मिटून वाजवतच राहिले. मी त्यांच्याजवळ नव्हतो. नवरदेवाचा व्हिडिओ काढायला पुढे गेलो होतो. आधी हशा पिकला, मग मोबाइल वर झाले, शेवटी नवरीच्या मामानं क्लॅरिनेट हातानं खाली दाबली. मास्तरांनी डोळे उघडले आणि शेजारी पाहिलं. तिथं माझा ड्रम होता, मी नव्हतो.

व्हिडिओ गावभर फिरला. मालकानं "आराम करा" असा निरोप पाठवला. मास्तर जळगावला जाऊन कानाचं मशीन घेऊन आले, पण चार दिवसांत काढून ठेवलं. "यात सगळे मागच खटखटतात रे," म्हणाले.

नंतर एका दुपारी त्यांनी मला घरी बोलावलं. एक जुनी धून वाजवली, पूर्ण. घाम पुसून म्हणाले, "आज खरं सांग. तुला तुझ्या आईची शपथ."

खरं त्यांच्या कानापर्यंत पोचवायचं तर ओरडावं लागणार होतं. ओट्यावर मास्तरांची बायको, आमच्या काकू, आणि त्यांची मुलगी गहू निवडत होत्या. पहिल्यांदा हळू बोललो. "काय?" त्यांनी कान पुढे केला. मग मी ओरडलो, "नाही लागत, मास्तर! दोन वर्षं झाली, नाही लागत!"

काकूंचा हात सुपातच थांबला. समोरच्या घरातलं कुणीतरी दारात आलं.

मास्तरांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवली. "दोन वर्षं," म्हणाले. "आणि तू रोज हो म्हणत होतास?"

मी चपला शोधायला लागलो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही. त्यानंतर ते माझ्याशी बोललेच नाहीत.

महिनाभरानं नदीवर, राजघाटावर दिसले. पाण्याकडे तोंड करून, गाल फुगवून, जीव खाऊन वाजवत होते. सूर कुठल्या कुठे चालला होता. कपडे धुणाऱ्या बाया हात थांबवून बघत होत्या. मी मागून हाक मारली, "मास्तर!" तीनदा मारली. त्यांना ऐकू गेली नाही.

चार पायऱ्या उतरून मी समोर जाऊ शकत होतो. गेलो नाही. पुढच्या आठवड्यात त्यांचा मुलगा त्यांना सुरतेला आपल्या घरी घेऊन गेला.