अडॅप्टर पालथा करा

"केबल फिरवून लाव."

"या केबलला उलटं-सुलटं नसतं, असं तूच सांगितलं होतंस."

"तरी लाव. कधीकधी एका बाजूची पिन दगा देते."

"लावली. काही नाही. ढिम्म!"

"मग डॉकची वीज काढतो. जरा थांबून परत लावू."

"हे दोनदा झालंय! तासाभरात मुलाखत आहे माझी, बॅटरी लाल झालीये, आणि तू नुसता टेबलाखाली रांगतोयस."

टेबलाखाली माझा दादा, टेबलापुढे वहिनी, आणि दोघांच्या मध्ये मोबाइलचा टॉर्च धरून मी. सुट्टी म्हणून मी त्यांच्याकडे जेवायला आले होते. आमटी गॅसवर निवून गेली होती.

"बारके, उजेड नीट धर गं," दादा खालून म्हणाला. त्याचा आवाज काही बरोबर लागत नव्हता.

दादाला त्याच्या ऑफिसात 'डॉक्टर' म्हणतात. कुणाचा लॅपटॉप रुसला, प्रिंटर आडवा गेला की डॉक्टरला फोन. मग डॉक्टरचं पहिलं वाक्य ठरलेलं: "आधी अडॅप्टर पालथा करा आणि पाठीवर किती वॅट लिहिलंय ते वाचा." समोरचा म्हणणार, अहो, स्क्रीनच काळी आहे. "असू दे. आधी पालथा करा." निम्मे रोगी तिथेच बरे व्हायचे. ऑफिसातली पोरं त्याची नक्कल करायची. कुणी शिंकलं तरी म्हणायची, आधी पालथा करा! दादा हसायचा आणि पुढच्या फोनवर पुन्हा तेच म्हणायचा.

बोलायचं एवढंच. बाकी सगळा कारभार मुका. लहानपणी मी रडत असले की हा येऊन माझी पेन्सिल टोकदार करून ठेवायचा आणि निघून जायचा. स्वतःच्या लग्नात माईक बंद पडला, तर नवरदेव कोऱ्या कपड्यांत स्टेजखाली पालथा! बाहेर आला तो कोपरापर्यंत धुळीने माखून. वहिनी हसून हसून रडली होती. "असला नवरा शोधूनही मिळायचा नाही," म्हणाली होती.

तिचं काम घरून सुरू झालं तेव्हा त्याने हे टेबल मांडलं. टेबलाला मागून भोक पाडलं, वायरी वळवून बांधल्या आणि डब्याएवढा तो काळा डॉक बसवला. स्क्रीन, माउस, कीबोर्ड, सगळं मागून डॉकमध्ये. पुढून लॅपटॉपला एकच केबल, वीजसुद्धा त्यातूनच. "तू फक्त ही एक लाव," तो म्हणाला होता, "बाकीचं मी बघितलंय." लॅपटॉपचा वेगळा चार्जर तेव्हापासून तिच्या ऑफिसच्या खणात पडून होता.

आणि आता दुसऱ्या शहरातली ही नोकरी. मोठी. वहिनीने त्याला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बघ, तुला काय वाटतं." बस. मग उठून त्याने तिचा कीबोर्ड साफ केला, एकेक बटण काढून. वहिनीने मला हे सांगितलं तेव्हा हसत होती. डोळे मात्र हसत नव्हते. "मी अजून वाट बघतेय गं," म्हणाली, "तो पुढचं वाक्य कधी बोलतो याची."

आज सकाळभर ती मोठ्या स्क्रीनवर मुलाखतीची तयारी करत होती. स्क्रीन चालू, माउस चालू, सगळं चालू. म्हणून बॅटरीकडे लक्षच गेलं नाही. आतल्या आत ती संपत आलेली.

"डॉकला अपडेट द्यावं लागेल," टेबलाखालून आवाज आला. "तास-दीड तास लागेल. त्यांना फोन करून वेळ बदलून घे ना. उद्या-परवा..."

वहिनी खुर्चीवरून उठली, खाली बसली आणि टेबलाखाली वाकून त्याच्याकडे बघत राहिली.

"एक गोष्ट राहिली," ती म्हणाली. अगदी हळू.

"काय?"

"तूच सांग. सगळ्या जगाला सांगतोस."

दादाने हातातली केबल पुन्हा चाचपली.

"केबल फिरवलीस, वीज काढलीस, आता अपडेट म्हणतोयस. पहिली पायरीच कशी विसरलास, डॉक्टर?"

वहिनीने हात लांब केला आणि डॉकचा अडॅप्टर पालथा केला. कुणी न सांगता मी उजेड तिकडे धरला.

"पंचेचाळीस," तिने वाचलं. "आपला एकशे तीसचा होता. पिन तीच, तोंडावळा तोच. स्क्रीन उजळते, पण लॅपटॉपचं पोट भरत नाही. हेही तूच शिकवलंयस मला."

"दादा?" मी म्हणाले. मला वाटत होतं, आता तो म्हणेल की चुकून झालं.

"बॅगेत आहे," तो म्हणाला.

वहिनीने त्याची ऑफिसची बॅग उघडली. मोठा अडॅप्टर आत होता. वायर गोल गुंडाळलेली, वर पट्टी बांधलेली. आपलं पाप लपवतानाही माझ्या दादाने वायरीला पीळ पडू दिला नव्हता.

तिने तो लावला. लॅपटॉपच्या कडेचा छोटा दिवा लागला. कुणालाच आनंद झाला नाही.

दादा टेबलाखालून बाहेर आला आणि जमिनीवरच बसला. "मुलाखत झाली नसती, तर... मला वाटलं, थोडे दिवस तरी..."

"दोन शब्द होते रे," वहिनी म्हणाली. " 'जाऊ नकोस.' भांडले असते मी. तुलाही चल म्हणाले असते, ओढून नेलं असतं. पण तू मला..." वाक्य अर्धं सोडून ती माझ्याकडे वळली. "बारके, तुझ्या घरची किल्ली दे. मुलाखत तिथून देते."

मी दादाकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. मी किल्ली दिली.

तिने लॅपटॉप मिटला. मग खाली वाकून दादाने बांधलेल्या पट्ट्या एकेक सोडवल्या आणि डॉक, केबल, अडॅप्टर, सगळं पिशवीत घातलं. भोकातून वायरी लोंबत राहिल्या. मोठी स्क्रीन निळी झाली. 'सिग्नल नाही' ही अक्षरं एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात फिरू लागली.

"ऐक ना," दादा म्हणाला.

ती दाराशी चप्पल घालत होती.

"मी म्हटलं असतं, तर थांबली असतीस?"

चपलेचा पट्टा तिला एका हाताने लावता येईना. तिने पिशवी खाली ठेवली, पट्टा लावला, पिशवी उचलली आणि जिना उतरून गेली.